आपली खरेदी कोणत्या देशात मोजली जाते?

माझा भाचा कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गेली अडीच-तीन वर्षं तो थांबलेला आहे. शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवलेत, घरच्यांची हरकत नाही, तरी गेमिंग कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, अजून घेतलेला नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा नवा स्विच येणार म्हणून आधी जुना घ्यायचा नव्हता. ५ जून २०२५ रोजी स्विच २ आला. मग त्याची किंमत जरा उतरू दे म्हणून थांबला. आता सोनीचा हातात धरून खेळायचा नवा कन्सोल येणार, त्याच्या जोडीने प्लेस्टेशन ६ येणार, मायक्रोसॉफ्टचंही काहीतरी शिजतंय, अशा चर्चा सुरू आहेत, म्हणून पुन्हा थांबलाय. “आत्ता घेतला तर पस्तावायला होईल, मामा,” असं म्हणतो.

न आलेल्या यंत्रांची त्याला किती माहिती असावी! चिप कुणाची, मेमरी किती, पडदा ओएलईडी की एलसीडी, बॅटरी किती तास चालेल. तो हे ज्या जिव्हाळ्याने सांगतो त्याचं मला मनापासून कौतुक आहे. मी त्याला एकच विचारलं: तो पुण्यात मिळेल का? म्हणजे दुकानात, पक्क्या बिलावर, कंपनीच्या वॉरंटीसकट? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “त्यावर कुणी बोलतच नाही.”

आणि बोलायला हवं ते त्यावरच, असं माझं ठाम मत आहे. पुढचा कन्सोल किती ताकदीचा असेल याचे अंदाज टोकियोतल्या आणि न्यूयॉर्कमधल्या माणसाने बांधावेत. त्याच्या गल्लीत तो यायचाच आहे. आपल्याकडे तो येतो की नाही, कुणाच्या हातून येतो, बिघडला तर कुणाकडे न्यायचा, हे सगळं अधांतरी असताना आपण चिपच्या आकड्यांवर रात्री घालवतो, याची मला खंत वाटते.

मी सदाशिव पेठेत वाढलो. नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यात एकाच घरी ‘व्हिडिओ गेम’ होता. निन्टेन्डो हा शब्द आम्ही कुणी ऐकलेला नव्हता. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं असायचं आणि आत पंधरा-वीसच खेळ फिरून फिरून यायचे. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, रणगाड्यांचा तो खेळ. मे महिन्याच्या सुट्टीत त्या घरच्या काकूंनी दहा-बारा पोरांना दुपारभर कसं सहन केलं असेल, देव जाणे. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला आणि त्याच्या नकला तैवान-चीनमधून जगभर गेल्या. रशियातली मुलं त्या नकलेवर वाढली, आपलीही वाढली. क्योटोची ती कंपनी १८८९ पासूनची. हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यापासून तिची सुरुवात झाली. एवढ्या जुन्या घराण्याच्या वहीत आमच्या पिढीची एका ओळीचीही नोंद नाही. आम्ही तिचे खेळ खेळून मोठे झालो आणि तिला आम्ही दिसलोच नाही.

आज नक्कल गेली, यंत्र अस्सल आलं. वही मात्र कोरीच आहे.

कशी, ते सांगतो. निन्टेन्डो भारतात आपले कन्सोल अधिकृतपणे विकत नाही. पुण्यात स्विच मिळतो, पण तो दुबई, हाँगकाँग, सिंगापूरहून कुणीतरी आणलेला असतो. कुणाचा भाऊ अमेरिकेहून येताना बॅगेत घालून आणतो, कुणी कॅम्पातल्या किंवा बुधवारातल्या दुकानातून घेतो. खेळ डाउनलोड करायचे तर भारतासाठी कंपनीचं ई-शॉप नाही. मग मुलं खात्यात देश म्हणून अमेरिका निवडतात, डॉलरमधली गिफ्ट कार्डं मिळवतात आणि त्यावर खेळ घेतात. म्हणजे कोथरूडच्या मुलाने शिकवणीच्या पैशांतून घेतलेला खेळ कंपनीच्या हिशेबात अमेरिकेत विकला जातो. यंत्राची विक्री दुबईत नाहीतर हाँगकाँगात लागते. वर्षाअखेरी कोणत्या देशात किती खप झाला याचा तक्ता कंपनीत कुणीतरी बघत असेल, तेव्हा भारताच्या रकान्यात काहीच नसतं. आणि जिथे खप शून्य, तिथे दुकान कशाला उघडायचं? आपण पैसे मोजतो, पण मोजले जात नाही.

यात दुकानदाराला दोष द्यावासा मला वाटत नाही. भाच्याला घेऊन मी एका दुकानात गेलो होतो. दुकानदार सज्जन माणूस, वय साठीच्या आसपास. भाच्याने जीएसटीच्या बिलाची गोष्ट काढली तेव्हा तो सरळच म्हणाला, “बिल हवं असेल तर प्लेस्टेशन घे बाळा. हा हवा असेल तर माझ्या शब्दावर घे. सहा महिने काही झालं तर मी बघतो.” शब्दाला जागणारा माणूस आहे, यात मला शंका नाही. पण चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूचा व्यवहार एका भल्या माणसाच्या शब्दावर टांगलेला असावा, ही काही व्यवस्था नव्हे.

आता अंदाजांविषयी. ते वाईट असतात असं मी म्हणणार नाही. एखाद्या कंपनीवर मनापासून प्रेम करणारा माणूस तिच्या पुढच्या पावलाचा अंदाज बांधणारच. क्रिकेट संघ जाहीर होण्याआधी आपण अकरा जण निवडतो, तसंच हे. शिवाय या नादात मुलं किती काय शिकतात! माझ्या भाच्याला मेमरीची बँडविड्थ म्हणजे काय, हे कॉलेजात नव्हे, या चर्चांमध्ये कळलं. माझा आक्षेप अंदाजाच्या विषयाला आहे आणि थोडा त्याच्या पद्धतीलाही.

पद्धतीचं एक उदाहरण देतो, कारण ते फार बोलकं आहे. १७ मार्च २०१५ रोजी निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी डीएनए या मोबाइल खेळांच्या कंपनीशी भागीदारी जाहीर केली. निन्टेन्डो आता फोनकडे वळणार, कन्सोल सोडणार, अशी धास्ती पसरू नये म्हणून त्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाने आम्ही नव्या कल्पनेचं खेळयंत्र तयार करतो आहोत. त्याच वर्षी जुलैमध्ये इवाता गेले. पुढे २० ऑक्टोबर २०१६ पर्यंत, म्हणजे एकोणीस महिने, जगभरातले चाहते एकाच प्रश्नावर वाद घालत राहिले: एनएक्स टीव्हीला जोडायचा की हातात धरायचा? मार्च २०१६ मध्ये त्याच्या कंट्रोलरचे फोटो फुटले. लंबगोल, सगळाच पडदा. लोकांनी त्यावर बाह्या सरसावून चर्चा केल्या. पुढे कळलं की तो कुणीतरी थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला बनाव होता. खरं यंत्र आलं तेव्हा तो स्विच होता. टीव्हीलाही जोडा आणि हातातही धरा. वादातले दोन्ही पक्ष बरोबर होते.

यातली खरी गंमत पुढे आहे. हे उत्तर आधीच कंपनीच्या कागदात पडलेलं होतं. २०१३ च्या सुरुवातीलाच निन्टेन्डोने हातातल्या आणि घरातल्या यंत्रांवर काम करणारे आपले दोन वेगळे विभाग एकत्र केले होते. जानेवारी २०१४ मध्ये गुंतवणूकदारांपुढे बोलताना इवातांनी सांगितलं होतं की पुढची यंत्रं एकमेकांची भावंडं असावीत तशी असतील. एकासाठी केलेलं काम दुसऱ्यावर चालेल. एक आणखी जुनी खूण होती. निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई म्हणायचे की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा कुणी केला नसेल असा उपयोग करा. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. सेगा या स्पर्धक कंपनीचा गेम गिअर रंगीत होता, पण सहा सेल खायचा आणि काही तासांत संपायचा. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. कोण जिंकलं ते आपल्याला माहीत आहे. २०१७ च्या स्विचमधली टेग्रा एक्स१ ही चिपही दोन वर्षांपूर्वी जगापुढे आलेली होती. म्हणजे ज्याने फुटलेले फोटो बाजूला ठेवून हे कंटाळवाणे कागद वाचले असते आणि घराण्याची रीत ओळखली असती, त्याचा अंदाज बराच जवळ गेला असता.

चाहते हे विसरतात आणि पुन्हा ताकदीच्या मागे लागतात. ‘स्विच प्रो’ येणार, ४के चित्र देणार, अशी हवा कितीतरी महिने होती. माझा मावसभाऊ त्यासाठी जवळजवळ दोन वर्षं थांबला. जुलै २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं ते काय, तर तीच चिप आणि चांगला ओएलईडी पडदा. स्विच २ च्या वेळीही तेच. याच्या कंट्रोलरमध्ये चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक असतील, असं बहुतेकांनी धरूनच ठेवलं होतं. त्या नाहीत, हे एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने स्पष्ट केलं. पडदा ओएलईडी असेल म्हणाले, तो ७.९ इंची एलसीडी निघाला. आता सोनीचंच बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनची रचना करणारे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे अधिकारी एकत्र बसून नव्या चिपच्या तंत्राविषयी बोलले. पुढच्या कन्सोलबद्दल सर्नी जे म्हणाले त्याचा अर्थ एवढाच होता की हे काही वर्षांनी येईल. त्या एका वाक्यावर किती इमले उभे राहिले!

हातातला की घरातला, हा प्रश्न मात्र आपल्यासाठी पोकळ नाही, हे मी मान्य करतो. उलट पुण्यात तो फारच खरा आहे. शिकायला आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात. तीन जणांच्या खोलीत टीव्ही नसतोच. ज्या घरात टीव्ही आहे तिथे संध्याकाळी सात ते दहा तो आजीच्या मालिकांचा असतो, आणि तो तिचा हक्क आहे. हिंजवडीला जाणारी मुलं बसमध्ये दीड-दीड तास बसतात. गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर टीव्हीचा कन्सोल खोक्यासारखा पडून राहतो. हातात धरायचं यंत्र, जे घरी गेल्यावर पाहिजे तर टीव्हीला लावता येतं, ते आपल्या राहणीला जितकं बसतं तितकं कदाचित अमेरिकेच्या मोठ्या दिवाणखान्यालाही बसत नसेल. आणि नेमकं तेच यंत्र बनवणारी कंपनी आपल्याकडे नाही. सोनीने नवा हातातला कन्सोल काढलाच तर तो इथे बिलावर मिळण्याची आशा तरी आहे, कारण सोनीचं दुकान इथे आधीपासून आहे.

मोजलं जाण्याचं महत्त्व काय, हे समजायला जपान बघा. २०११ मध्ये निन्टेन्डोचा हातातला कन्सोल थ्रीडीएस २५,००० येनला आला. लोकांना महाग वाटला, त्यांनी घेतला नाही. सहा महिन्यांच्या आत किंमत १५,००० येन झाली आणि इवातांनी स्वतःचा पगार निम्मा करून घेतला. न घेणं हेसुद्धा तिथे कंपनीला ऐकू गेलं. स्विच २ च्या वेळी जपानी ग्राहकाला महाग पडू नये म्हणून कंपनीने फक्त जपानी भाषेत चालणारी वेगळी आवृत्ती ४९,९८० येनला काढली. सगळ्या भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला. यंत्र तेच, किंमत २०,००० येननी कमी. मोजलेल्या ग्राहकासाठी कंपनी इतकं करते. माझा भाचा तीन वर्षं थांबलाय, त्याचं थांबणं कुणाच्या कानावर गेलं? ज्याचं घेणं दुबईत मोजलं जातं, त्याचं न घेणं कुठेच मोजलं जात नाही.

दुरुस्तीचंही तसंच. स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते, ज्याला सगळे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, त्यावरून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. युरोपात ग्राहक संघटना एकत्र आल्या आणि २०२३ मध्ये युरोपीय आयोगाशी बोलणी होऊन कंपनीने तिथल्या ग्राहकांना ही दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही फुकट द्यायचं कबूल केलं. हे मिळालं ते तिथे कायदा होता, संघटना होती आणि मुख्य म्हणजे ग्राहकाच्या हातात पावती होती. आपल्याकडे दाद कुणाकडे मागायची? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी राईट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, चांगलंच केलं. पण तिथे कंपनी आपली माहिती देते तेव्हा ती उपयोगी पडते. जी कंपनी देशात नाही, ती काय माहिती देणार?

मग आपण तपकीर गल्लीत जातो. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा संसार. तिथे दुरुस्ती करणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. दीड हात रुंद टेबल, वर भिंग लावलेला दिवा, डबीत तीन पात्यांचे बारीक स्क्रू. आयटीआय झालेला, जपानी भाषेचं एक अक्षर येत नाही, पण कोणत्या यंत्रात कोणती पट्टी कुठे अडकते हे बोटांना पाठ. सुटे भाग चीनमधून मागवतो, तेही अधिकृत नाहीत. याच्यासारखी माणसं नसती तर पुण्यातले निम्मे कन्सोल कपाटात गेले असते. कंपनी इथे आली तर यांच्या पोटावर पाय येईल, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. अधिकृत भाग मिळू लागले, माहितीपत्रकं मिळाली, तर हेच हात जास्त चांगलं काम करतील.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे: हा खात्यापित्या घरांचा शौक, यात सार्वजनिक प्रश्न कुठला? पाणी, रस्ते, शाळा सोडून कन्सोलच्या बिलावर लेख?

त्याला माझं उत्तर पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्यातली छोटी मंडळी. त्यांनी ‘राजी: अॅन एन्शियंट एपिक’ हा खेळ बनवला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, राजस्थानी महालांचे रंग, मधली कथा छायाबाहुल्यांतून सांगितलेली. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रसिद्ध झाला तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर. बाकीच्या यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. पुण्यात बनलेला खेळ, पुण्याच्या दुकानात बिलावर न मिळणाऱ्या यंत्रावर आधी आला! पुण्याच्या आईबापांना मुलांनी काय केलं ते दाखवायचं तर यंत्र दुबईहून आणवायचं. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता आणि त्याच वेळी चरफडही झाली होती.

आणि ही एकटी मंडळी नाहीत. खेळ बनवणाऱ्या युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. तिथल्या मुलांनी जगभर विकल्या जाणाऱ्या खेळांवर काम केलंय. ‘इंडस’ हा खेळ बनवणारी सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याचीच. चित्रकला, संगीत, प्रोग्रॅमिंग, कथालेखन या सगळ्यांना एकत्र काम देणारे असे उद्योग किती आहेत? हे काम शिकायचं तर ज्या यंत्रासाठी बनवायचं ते हातात घेऊन शेकडो तास खेळावं लागतं. चित्रपट न बघता कुणी दिग्दर्शक होत नाही. कन्सोल खेळणं समजलं जातं, आणि खेळणं ही चैन समजली जाते, म्हणून त्याचं धोरण कुणी गांभीर्याने करत नाही.

करांचा हिशेबच बघू. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरचं मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झालं. त्या दराने शंभर रुपयांचं यंत्र बंदरात उतरलं की २० रुपये शुल्क, शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे आणखी २, झाले १२२. त्यावर १८ टक्के जीएसटी. शंभराचे जवळजवळ १४४ होतात, आणि यात वाहतूक नाही, दुकानदाराचा नफा नाही. जीएसटी तर आधी २८ टक्के होता. डिसेंबर २०१८ च्या बैठकीत तो १८ वर आला. इथे कन्सोल बनवणारा कारखानाच नाही, मग हे वाढीव शुल्क कोणत्या उद्योगाचं रक्षण करतं? ते रक्षण करतं ते बॅगेतून आणणाऱ्याचं.

ब्राझीलने हे सगळं भोगलंय. जानेवारी २०१५ मध्ये निन्टेन्डोने आयातकराचं कारण देऊन तिथला अधिकृत व्यवसाय बंद केला. तिथेही मग बाहेरून आणलेला माल, तोंडी वॉरंटी, चढे भाव. २०१९ नंतर तिथल्या सरकारने कन्सोलवरचा कर टप्प्याटप्प्याने खाली आणला. २०२० मध्ये स्विच अधिकृतपणे परत आला आणि पुढे काही खेळ ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही येऊ लागले. ५ जून २०२५ ला स्विच २ जगाबरोबर तिथे विक्रीला होता. भाषा नंतर आली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी देश मोजला गेला, मग त्याची भाषा. पोकेमॉन गो हा फोनवरचा खेळ २०२३ मध्ये हिंदीत आला, पोकेमॉनना हिंदी नावं मिळाली; मराठीचा विचार कधी होईल हे मराठी मुलं किती आहेत ते दिसल्यावरच ठरेल.

पण सगळं खापर करांवर फोडणंही प्रामाणिकपणाचं होणार नाही. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट याच करांत इथे व्यवसाय करतात. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस १० नोव्हेंबर २०२० रोजी जगाबरोबर भारतात आले. प्लेस्टेशन ५ जरा उशिरा, २ फेब्रुवारी २०२१ ला, पण ४९,९९० रुपये या छापील किंमतीला, बिलासकट आला आणि बघता बघता संपला. गिऱ्हाईक नाही असं कुणी म्हणू नये. निन्टेन्डोला काळजी वाटत असेल पायरसीची, फोनवर फुकट खेळण्याच्या सवयीची; त्यात तथ्य आहे. आमच्या त्या ९९९९ कॅसेटीच त्याचा पुरावा आहेत. पण नक्कल चालली ती अस्सल माल दुकानात नव्हता म्हणूनही. आज पुण्यातली मुलं डॉलरचं कार्ड शोधून, जास्त पैसे देऊन, अस्सल खेळ विकत घेतायत. ज्याला फुकटच हवंय तो एवढी यातायात का करेल?

म्हणून भाच्याला मी सांगितलं, की अंदाज बांध, पण तो इथला बांध. पुढच्या कन्सोलचे खेळ कार्डावर येणार का? स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डात खेळ नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. ज्या देशात ई-शॉपच नाही तिथे त्या कार्डाचं उद्या काय होईल? एकमेकांत कार्डं बदलून खेळण्याची आपली सवय टिकेल का? बॅटरी बदलता येईल का? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी महाग करून ठेवलीय, त्यावर आपले ४४ टक्के चढले तर किंमत कुठे जाईल? आणि हे प्रश्न आपसांत घोळवत बसण्यापेक्षा कंपनीला, खासदाराला, ग्राहक पंचायतीला लेखी विचारायला काय हरकत आहे? ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच उभी राहिली, १९७४ साली, बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने. तेल-साखरेच्या मापावरून भांडायला शिकवणारं हे शहर आहे.

भाचा ऐकून घेतो, पण वाद घालतो. “आपल्या चार पत्रांनी निन्टेन्डो येणार का, मामा?” येणार नाही. पण चार पत्रं ही चार नोंदी आहेत, आणि त्या भारताच्या रकान्यात पडतील.

परवा त्याला घेऊन तपकीर गल्लीत गेलो होतो. त्याच्या मित्राचा जुना कंट्रोलर द्यायचा होता. टेबलापाशी उभ्या उभ्या तो येणाऱ्या कन्सोलबद्दल बोलायला लागला: चिप, कोअर, मेमरी. तो दुरुस्ती करणारा माणूस भिंगातून मान वर न काढता ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, “बॅटरी चिकटवलेली असणार की स्क्रूची?”

“स्विच २ मध्ये चिकटवलेली आहे. दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीच्या सोयीला दहापैकी तीनच गुण दिलेत.”

“ते झालं आत्ताचं. पुढच्याचं विचारतोय.”

“त्याचं काही आलं नाही अजून.”

त्याने चिमट्याने एक पट्टी उचलली, उजेडात धरली, बाजूला ठेवली. “बनवणाऱ्यांनी अजून बनवला नाहीये ना?” म्हणाला. “मग आत्ताच विचार की त्यांना.”